एक ओळ जास्त

छापखान्यात मी सोळा वर्षं उभी होते. लोक म्हणतात, 'कामाला होती'. मी 'उभी होते' असंच म्हणते, कारण खिळे जुळवणाऱ्याला बसायची सोयच नसते. समोर तिरकी लाकडी केस, तिच्या खणाखणांत शिशाची अक्षरं, डाव्या हातात लोखंडी पट्टी. उजव्या हाताने एकेक अक्षर उचलायचं आणि उलटं लावत जायचं. संध्याकाळपर्यंत पोटऱ्यांचे दगड व्हायचे. आज जिना चढताना त्याच पोटऱ्या कुरकुरतात. मी म्हणते, गप बसा, तुम्ही एकट्याच दमला नव्हतात.

छापखाना धुळ्यात, पाचव्या गल्लीत. मालक मारवाडी जैन. त्यांचे आजोबा मारवाडातून येऊन पहूरला दुकान मांडून बसले आणि वडिलांनी धुळ्याला येऊन छापखाना काढला. शेठजी अंगाने बारीक, आवाज त्याहून बारीक. रोज सकाळी मागच्या खोलीत पांढरं आसन टाकून, तोंडाला मुहपत्ती बांधून सामायिक करायचे. सामायिक म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटं एका जागी बसायचं, कोणावर राग नाही, कसला लोभ नाही, मन शांत. पुढ्यात वाळूचं घड्याळ ठेवलेलं. तेवढ्या वेळात बाहेर गिऱ्हाईक बोंबलून मेलं तरी ते हलायचे नाहीत. गिऱ्हाईकाला तोंड मी द्यायचं. शेठजींच्या मनाची शांती आणि माझ्या डोक्याचा ताप एकाच वेळेला सुरू व्हायचे.

मी लागले त्या पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "बाई, प्रत्येक खिळ्याच्या अंगाला एक खाच असते. ती अंगठ्याला लागली की समजायचं, खिळा सरळ आहे. डोळ्यांनी बघायची गरज नाही. पण मन अंगठ्यात पाहिजे. आणि कोणाचं नाव जुळवताना ते नाव एकदा मनात म्हणायचं. माणसाचं नाव आहे, भाजीचं नाही."

मी मान हलवली. मनात म्हटलं, एकेका लग्नपत्रिकेत चाळीस-चाळीस नावं, 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' म्हणणारी पोरंटोरं वेगळी. ही सगळी नावं जपत बसले तर माझ्या पोरांना जेवायला कोण घालणार? नवरा एसटीत ड्रायव्हर, आठवड्याचे चार दिवस मुक्कामी गाडीवर. घरात दम्याची सासू आणि दोन पोरं. धुळ्यात तेव्हा नळाला चौथ्या दिवशी पाणी यायचं, तेही पहाटे चारला, तेही आलं तर. मन अंगठ्यात ठेवायला मुळात मन जागेवर हवं. माझं नळाशी असायचं.

ही गोष्ट ऐंशीचं दशक सरत आलं होतं तेव्हाची. भादव्यातले दिवस, पर्युषण चालू. आमच्या छापखान्याचा तो सगळ्यात घाईचा काळ. पर्युषणाचा शेवटचा दिवस संवत्सरीचा, ती झाली की जैन घरांतून एकमेकांना क्षमापनेची कार्डं जातात. वर्षभरात कळत-नकळत आपलं मन दुखावलं असेल तर हात जोडून क्षमा मागतो, असा मजकूर. तो मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा जुळवला होता की हात आपला आपला चालायचा. दिवसभर मी लोकांच्या वतीने क्षमा मागायचे आणि घरी जाऊन सासूवर खेकसायचे.

अशाच एका दुपारी शिंदखेड्याकडचा एक शेतकरी आला. पन्नाशीचा, उंचापुरा, डोक्याला टॉवेल गुंडाळलेला. वडील वारले होते. उत्तरकार्य आणि गंधमुक्तीची, म्हणजे दहाव्यालाच सुतक संपवून कपाळी गंध लावतात त्या विधीची, पत्रिका छापायची होती. त्याने वहीचा कागद पुढे केला. शाईच्या पेनाने लिहिलेलं, पाटीवर गिरवल्यासारखं मोठं अक्षर. "बाई, सकायनी गाडीवर ल्ही जानं शे," तो म्हणाला. सकाळीच न्यायच्या होत्या, कारण दहाव्याला दिवस थोडे आणि गावं पुष्कळ. शेठजी म्हणाले, करून देऊ. ते म्हणणार आणि करणार मी.

आमच्याकडच्या त्या पत्रिकेत मयताचं नाव असतं एकदा आणि मागे राहिलेल्यांची नावं असतात गाडाभर. मुलं, सुना, लेकी, जावई, नातवंडं, पुतणे, चुलते. कोणाचं नाव कोणाच्या आधी, यावरून पुढे वर्षवर्ष अबोला धरतात. मी ती सगळी नावं भराभर लावली. लेकी चार. तिघींच्या नावापुढे जावयाचं नाव. चौथीच्या पुढे काही नाही, नुसतं तिचं नाव, आणि गाव साक्री. खरं तर ती चौथी नव्हती, कागदावर लेकींत सगळ्यात वर तीच होती. पण पुढे जावई नसल्यामुळे तिची ओळ एकटीच राहिली होती, अर्धी रिकामी.

साडेसहा वाजले असतील. मजकूर चौकटीत घालून आवळायला घेतला आणि कपाळावर हात मारला. एक ओळ जास्त होत होती. कार्ड पोस्टकार्डाएवढं, त्याच्या बाहेर काही जात नाही. शेठजी प्रतिक्रमणाला निघाले होते. पर्युषणात संध्याकाळी सगळे जैन एकत्र बसून, चौऱ्याऐंशी लाख योनींतल्या जीवांची माफी मागतात ते. पायात चपला घालता घालता म्हणाले, "प्रूफ सकाळी बघतो, बाई." आणि गेले.

आता मी सांगते ते नीट ऐका, कारण पुढे बरीच वर्षं मी हे नीट सांगितलं नाही. माझी नजर चुकली नव्हती. सासूला सकाळपासून धाप लागली होती, घरात घागरभर पाणी नव्हतं, पहाटे नळाची पाळी होती. पत्रिकेच्या खाली वेलबुट्टीची एक पट्टी होती, ती काढता आली असती. तिच्याही खाली छापखान्याच्या नावाची ओळ होती, ती काढता आली असती. पण दोन्ही पट्ट्या चौकटीच्या तळाशी घट्ट बसलेल्या होत्या. त्या काढायच्या म्हणजे सगळं पुन्हा सैल करा, पुन्हा आवळा. अर्धा तास तरी गेला असता. ती एकटी ओळ मात्र वरच्या वर सुटत होती. मागेपुढे कोणाला धक्का न लावता. मी ती उचलली, बाजूच्या गॅलीत, म्हणजे जुळवलेले खिळे ठेवायच्या तबकात ठेवली, आणि सगळं कसं चपखल बसलं. सकाळी त्या शेतकरी भाऊंना सांगू, म्हटलं. ते म्हणतील तसं करू. मशीनवाल्याला मात्र थांबायचा निरोप ठेवायचं सुचलं नाही. हात धुऊन मी घरी पळाले.

पहाटे नळ आला करंगळीएवढा. रांगेत भांडण झालं, त्यात मी पुढे होते हे सांगायला नकोच. छापखान्यात पोचले तेव्हा नऊ वाजून गेले होते. मशीनवाल्याने सातलाच पत्रिका छापून काढल्या होत्या. शेठजी जैन स्थानकात साधूंच्या व्याख्यानाला गेलेले, प्रूफ कोणी बघितलं नव्हतं, आणि भाऊ गठ्ठा घेऊन आठच्या गाडीने गेलेही होते. मग मी म्हटलं, जाऊ दे. एका नावाने काय होतं? गाडाभर नावं आहेत. 'जाऊ दे' हे तेव्हा माझं फार आवडतं वाक्य होतं. दमलेल्या माणसाला त्याच्याइतकं स्वस्त औषध नाही.

तीन दिवसांनी भाऊ पुन्हा दारात उभे. हातात पत्रिका, डोळे लाल. "बाई, मनी बहीणनं नाव कोठे शे?"

आणि मी काय म्हटलं असेल? "तुमच्या कागदावरच नसेल." चोराच्या उलट्या बोंबा. शेठजी उठले, भिंतीवरच्या तारेत खोचलेल्या कागदांतून तो वहीचा कागद काढला, चष्मा लावून वाचला आणि माझ्यापुढे धरला. लेकींत सगळ्यात वर, ठसठशीत. मी म्हटलं, "नजरचूक झाली."

भाऊ बाकावर बसले आणि त्यांनी सांगितलं ते असं. ही सगळ्यात मोठी बहीण. बारा वर्षांपूर्वी नवऱ्याचं घर सोडून आली, तेव्हा भाऊच तिला म्हणाले होते की या घरात तुला जागा नाही. बापाने बाजू घेतली, पण ती राहिली नाही. साक्रीला बालवाडीत लागली आणि खोली घेऊन एकटी राहू लागली. भावाशी अबोला. गेल्या वर्षी बाप अंथरुणाला खिळला आणि ती सेवेला येऊ लागली, तेव्हा कुठे दोघं बोलायला लागले. बाप गेला त्या दिवशी दोघं गळ्यात पडून रडले. बालवाडी बंद ठेवता येत नाही म्हणून तिसऱ्या दिवशी ती साक्रीला गेली, दहाव्याला येते म्हणून. आणि तिकडे ही पत्रिका पोचली. आता तिने निरोप पाठवला होता. भाऊंनी तो तिच्याच शब्दांत सांगितला: "बापना कार्डवर मी नही, ते माले बापबी नही अन् भाऊबी नही. मी येवाव नही."

"मी सोता गऊ," भाऊ म्हणाले. स्वतः जाऊन आले होते, तिने दारच उघडलं नव्हतं. म्हणे, बारा वर्षांपूर्वी तोंडाने काढलं, आता छापून काढलं. एवढं बोलून तो एवढा मोठा माणूस टॉवेलात तोंड खुपसून रडायला लागला. दहाव्याला तीन दिवस राहिले होते.

शेठजी म्हणाले, पत्रिका फुकट पुन्हा छापून देतो. भाऊ म्हणाले, आता छापून काय करू? ते खरंच होतं. मग शेठजी माझ्याकडे वळले. "बाई, उद्या साक्रीला तुम्ही जा. हा कागद घेऊन जा."

"मी? एका नावासाठी साक्रीला?"

"एकच नाव गेलंय ना, बाई," शेठजी म्हणाले. आवाज तसाच बारीक.

मी गेले, पण कशी गेले ते विचारू नका. अंगाचा नुसता तिळपापड होत होता. नळावर राग, सासूच्या दम्यावर राग, मुक्कामी गाड्यांवर राग आणि सगळ्यात जास्त राग शेठजींच्या त्या वाळूच्या घड्याळावर. अठ्ठेचाळीस मिनिटं डोळे मिटून बसायला मिळालं तर मीही शांत राहीन, त्यात काय मोठं? भादव्याचं ऊन पत्र्याच्या गाडीत भाजून काढत होतं. नेर गेलं, शेवाळी गेली, दोन्ही बाजूंना बाजरी कणसावर आलेली. उभ्या कामाची सवय असूनही बसल्या जागी पाय दुखत होते. पाकिटातला कागद मी दहादा चाचपून बघितला.

तिची खोली आठवडे बाजाराच्या मागे होती. दार उघडंच. भिंतीवर मुलांसाठी काढलेली फळांची चित्रं, कोपऱ्यात स्टोव्ह, एक खाट. ती माझ्याहून पंधरा-सोळा वर्षांनी मोठी, वाळलेली, केस मागे घट्ट बांधलेले. मी कुठून आले ते सांगितल्यावर तिचा चेहरा दगड झाला. पण दारातल्या माणसाला पाणी दिल्याशिवाय कसं राहणार? तिने तांब्या पुढे केला.

मी पाणी प्यायले आणि ठरवून आणलेलं वाक्य म्हटलं. "अक्का, माझी नजरचूक झाली. भाऊंनी तुमचं नाव लिहिलं होतं."

ती हसली. त्या हसण्यात ओल नव्हती. "बाई, पत्रिका वाटाले मना चुलतभाऊ उन्हा व्हता," ती म्हणाली. मग तिने सांगितलं. त्याने पत्रिका तिच्या दारातच मोठ्याने वाचून दाखवली, शेजारच्या दोन बायकाही ऐकायला उभ्या होत्या. एकेक नाव येत गेलं आणि ती वाट बघत राहिली. लेकी आल्या, जावई आले, नातवंडं आली, शेंबडी पोरंसुद्धा आली. तिला वाटलं, आता येईल. "शेवटले छापखानानं नावबी वाचं त्यानी," ती म्हणाली. "मंग कार्ड सरनं."

माझ्या तोंडात मारल्यासारखं झालं. छापखान्याचं नाव. ती ओळ मी ठेवली होती.

मी कागद काढून तिच्या हातात दिला. तिने तो दाराच्या उजेडात धरला. भावाचं अक्षर तिने लगेच ओळखलं. लहानपणी पाटीवर तिनेच गिरवून घेतलेलं अक्षर ते, असं नंतर म्हणाली. बोट ठेवून खाली येत येत ती लेकींपाशी थांबली, आणि तिथून बोट हललंच नाही. मग मान वर करून मला म्हणाली, "सगळास्ना वर लिखं शे. वरलं नाव नजरले कसं चुकस?"

मी तांब्या खाली ठेवला.

"मी बालवाडीवाली शे, बाई. पोरं मोजताना राही जास ते कोनतं पोर, माले मालूम शे. एकलं बठेल व्हस तेच."

आता खोटं बोलायची ताकदच राहिली नव्हती. खरं सांगते, चांगुलपणाने नव्हे, थकव्याने मी खरं बोलले. तोंडातून माहेरची बोली निघाली, जी मी धुळ्यात कामावर कधी बोलत नसे. "अक्का, चूक नही. मीच काढं. ओळ बसत नव्हती. तुमनं नाव एकलं व्हतं, सोपं गयं काढाले. माले घर जानं व्हतं."

मला वाटलं, आता ही मला हाकलेल. हाकलावंच, म्हटलं. बसची वेळ होईपर्यंत बाजारात उभी राहीन, उभं राहायची सवय आहे.

तिने एकच विचारलं. "भाऊनी नही ना सांगं?"

"नही. त्यास्ले मालूमबी नव्हतं."

ती खाटेवर बसली. कागद छातीशी धरला आणि रडायला लागली, लहान पोरीसारखी, आवाज काढून. रडता रडता म्हणाली, "मंग बरं झायं, बाई. परकानी काढं ते सोसाई जास."

मला रडू आलं नाही. मला लाज वाटली, इतकी की कुठे बघावं कळेना. मी फळांच्या चित्रांकडे बघत बसले. एका बाईला मी अर्ध्या तासाच्या आळसापोटी तिच्या बापापासून तोडलं होतं आणि ती म्हणत होती, बरं झालं तूच होतीस.

मग तिने तोंड धुतलं, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी पुढे ठेवली. मी नको म्हटलं तर दटावलं, जशी पोरांना दटावत असेल तशी. मी खात होते आणि ती माझ्याकडे बघत होती. असं कोणी माझ्याकडे बघितल्याला वर्षं झाली होती. घरात मला बघायचं कोण? पाणी आलं का, स्वयंपाक झाला का, एवढंच बघत. "कितला वाजता उठस तू?" तिने विचारलं. मी नळाचं सांगितलं, सासूचं सांगितलं. काही विशेष सांगितलं नाही, जे होतं तेच. तिने खाटेवरचं पांघरूण झटकलं आणि म्हणाली, "आडी पड जराशी. गाडीले येळ शे. मी उठाडसू तुले."

आणि मी झोपले हो! ज्या बाईचं नाव मी काढलं, तिच्याच खाटेवर, भर दुपारी, दुसऱ्याच्या गावात. पोरं झाल्यापासून दिवसा डोळा लागल्याचं मला आठवत नाही. जाग आली तेव्हा ती जमिनीवर बसून हातातल्या पुठ्ठ्याने मला वारा घालत होती, आणि तिच्या मांडीवर तो वहीचा कागद होता. "ऊठ, गाडी लागी व्हई," म्हणाली. कागद मी परत मागितला नाही.

दहावं झालं आणि दोनच दिवसांत भाऊ छापखान्यात आले, मुद्दाम सांगायला. "उनी व्हती," म्हणाले. ती आली होती. गंधमुक्तीला भावाच्या कपाळी गंध लावून झाल्यावर तिने तो कागद सगळ्यांपुढे वाचला म्हणे, वरपासून खालपर्यंत, आणि स्वतःच्या नावाशी थांबली नाही. इतरांची वाचली तसंच आपलंही वाचून पुढे गेली.

मधल्या दिवसांत, म्हणजे मी साक्रीहून आले त्याच्या दुसऱ्या दिवशी संवत्सरी होती. तिसऱ्या दिवशी सकाळी शेठजी दरवर्षीसारखे सगळ्या कामगारांपुढे हात जोडून उभे राहिले. "मिच्छामि दुक्कडम्. काही चुकलं असेल तर क्षमा करा." दरवर्षी आम्ही हो हो म्हणायचो आणि पेढा घ्यायचो. या वर्षी मी पेढा हातात धरून उभी राहिले. म्हटलं, "शेठजी, ती नजरचूक नव्हती. मी मुद्दाम काढलं होतं."

शेठजींनी पेढ्यांचा डबा खाली ठेवला. मग म्हणाले, "बाई, मी त्या संध्याकाळी प्रतिक्रमणाला उशीर होतो म्हणून प्रूफ न बघता गेलो. तिथे बसून चौऱ्याऐंशी लाख योनींची माफी मागितली. एक कार्ड वाचायला दोन मिनिटं लागली असती." त्यांनी पुन्हा हात जोडले. मलाही जोडावे लागले. हात शाईचे होते.

त्यानंतर मी काही साध्वी झाले नाही. सासूवर खेकसणं चालूच राहिलं, नळावरची भांडणंही. मन अंगठ्यात ठेवायचं म्हणजे काय, ते मला कळलं, पण जमलं असं म्हणवत नाही. चार नावं नीट मनात म्हणायची आणि पाचव्याला पाण्याची घागर आठवायची. मग पुन्हा ओढून आणायचं. दिवसभर तेच. आधी मी हाताने दमायचे, मग त्या ओढून आणण्यानेही दमायला लागले. पण त्या दमण्यावर रात्री झोप बरी लागायची. दुःखाच्या पत्रिकेवरून छापखान्याचं नाव मात्र, अक्काचं बोलणं मी सांगितल्यावर, शेठजींनी कायमचं काढून टाकलं.

नव्वदीत जळगावला ऑफसेट निघाले. लग्नाच्या रंगीत पत्रिका लोक तिकडून आणू लागले. आमच्याकडे उरल्या दुःखाच्या. त्यांना रंग लागत नाही. शेठजी थकले होते, मशीनवाला सोडून गेला होता, त्या दिवाळीनंतर खिळे वितळवायला विकायचं ठरलं होतं. अशात एक दिवस साक्रीची अक्का दारात उभी राहिली. केस पार पांढरे झालेले. मी ओळखलं आणि तिच्या चेहऱ्यावरूनच समजले. भाऊ गेले होते.

आम्ही दोघी बाकावर बसलो. मी पाण्याचा तांब्या दिला. ती म्हणाली, पुतण्यांना जळगावला छापायचं होतं, पण मीच म्हटलं, धुळ्यालाच. मग तिने पिशवीतून वहीचा कागद काढला. आता अक्षर तिचं होतं. मुलं, सुना, लेकी, जावई, नातवंडं, पुतणे. सगळ्या कुटुंबाला तिने नीट रांगेत बसवलं होतं, कोणी रुसणार नाही असं. अगदी शेवटी, कागद संपता संपता बारीक अक्षरात तिचं स्वतःचं नाव होतं, आणि त्याच्यापुढे कंसात लिहिलं होतं: बसलं तर.

मला इतका संताप आला! तिच्यावर नाही, त्या कंसावर. "अक्का, बसलं तर म्हणजे काय हो?" मी जवळजवळ ओरडलेच. ती ओशाळून हसली. म्हणाली, "तुले तरास नको म्हनीसन. तू दमेल ऱ्हास."

शेठजी मागच्या खोलीत आसनावर होते, वाळू पडत होती. मी उठले, पट्टी हातात घेतली. मयताच्याही आधी, सगळ्यात आधी तिचं नाव जुळवलं. पाच खिळे. एकेकाची खाच अंगठ्याला लागली की नाही ते बघितलं, नाव मनात म्हटलं, आणि मग तिला ऐकू जावं म्हणून मोठ्यानेही म्हटलं.